मिथेनेशन रिअॅक्टर थंड ठेवायला मोल्टन सॉल्ट की थर्मिक ऑइल?

गोव्यात कुंडईच्या आमच्या छोट्या युनिटमध्ये बायोगॅसमधल्या कार्बन डायऑक्साइडचं मिथेन करतो. निकेल कॅटॅलिस्टच्या (रिअॅक्शन घडवणाऱ्या) गोळ्या भरलेल्या नळ्यांचा रिअॅक्टर, भोवती उष्णता काढून नेणारं जॅकेट. मोलमागे १६५ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते आणि ती काढण्यातच या धंद्याचं अर्धं डोकं खर्च होतं, हे वाचणाऱ्यांना माहीत असेलच. जॅकेटमध्ये उकळतं पाणी ठेवणं उत्तम, पण २५० अंशांना जवळपास ४० बारचा दाब आणि त्यामागून बॉयलरचे सगळे कागद येतात. आमच्या आकाराला ते परवडत नव्हतं. उरले दोन पर्याय, वितळलेलं मीठ (मोल्टन सॉल्ट) आणि उष्णता वाहून नेणारं तेल (थर्मिक ऑइल), आणि आम्ही दोन्ही वापरले.

आधी मीठ. नायट्रेट-नायट्राइटचं मिश्रण, १४२ अंशांना वितळतं, ४५० पर्यंत निश्चिंत चालतं. दाब नाही, पेट घेत नाही. जर्मनीत वेर्ल्टेला २०१३ साली सुरू झालेल्या मोठ्या प्लांटमध्येही रिअॅक्टर मिठानेच थंड केला होता. कागदावर मिठाचंच पारडं जड, आणि चालू असताना त्याने आम्हाला कधी त्रास दिला नाही.

त्रास दिला तो बंद पडताना. जूनचा पहिला मोठा पाऊस, माडाचं चुडत तारांवर पडलं आणि लाईट गेली. जनरेटरची बॅटरी नेमकी बसलेली. गॅस तोडला की रिअॅक्शन थांबते, त्यामुळे रिअॅक्टरची काळजी नव्हती. नायट्रोजन सोडून तो सुरक्षित केला. पण मिठाचा पंप थांबला आणि पाइप गरम ठेवणारे ट्रेसिंग हीटरही त्याच विजेच्या लाईनवर. मीठ उताराने टाकीत परतायला हवं. बरंचसं परतलंही. एका व्हॉल्व्हजवळच्या बेंडला उतार पुरेसा नव्हता, तिथे ते थांबलं. फिटरने पान्याने पाइप वाजवत नेला: टण्, टण्, टण्, आणि मग बद्द. “भाई, इथे बसलंय.”

गोठलेलं मीठ मधूनच तापवता येत नाही. वितळताना ते फुगतं, दोन्ही बाजूंना घट्ट बूच असलं तर पाइपच फाटतो. मोकळ्या टोकाकडून वीतभर तापवायचं, थांबायचं, पुन्हा वीतभर. अडीच दिवस गेले. त्या पावसाळ्यात हे तीनदा झालं.

पुढच्या वर्षी तेलावर आलो. बायफिनाइल आणि डायफिनाइल ऑक्साइडचं मिश्रण, १२ अंशांना गोठतं. पणजीत जानेवारीच्या पहाटेही पारा तिथवर उतरत नाही. २५७ अंशांपुढे ते उकळतं, म्हणून थोडा दाब ठेवावा लागतो, आणि ४०० ही त्याची वरची हद्द. हे ज्वलनशील आहे, हा दोष मी लहान समजत नाही. फ्लँजमधून, म्हणजे पाइपच्या जोडातून, झिरपलेलं तेल वरच्या रॉकवूलच्या उष्णतारोधक वेष्टनात मुरलं तर आतल्या आत पेटू शकतं, म्हणून आम्ही फ्लँजवर वेष्टन घालतच नाही. तेलाला जिरेनियमच्या पानासारखा उग्र वास आहे. सुरुवातीला डोकं दुखायचं, पण गळती आधी नाकालाच कळते.

बेडमधल्या (नळ्यांत भरलेल्या कॅटॅलिस्टच्या थरातल्या) हॉट स्पॉटमध्ये, म्हणजे सगळ्यात तापणाऱ्या जागी, आम्हाला तरी दोन्हींत फारसा फरक दिसला नाही. गोळ्यांमधून नळीच्या भिंतीपर्यंत उष्णता पोहोचणं हीच खरी अडचण, बाहेर काय फिरतंय ते नंतरचं. नळी इंचभराचीच ठेवली आणि तोंडाशी कॅटॅलिस्टमध्ये कोऱ्या अॅल्युमिनाच्या गोळ्या मिसळल्या, तेव्हा तिथलं सर्वोच्च तापमान खाली आलं.

तुमचा प्लांट मोठा असेल, चोवीस तास चालणार असेल, विजेची दुहेरी सोय असेल, तर मीठच घ्या असं मी म्हणेन. ४०० च्या वर जायचं असेल तर तेलाचा विचारच नको. पण गोव्याच्या पावसात, एकाच जनरेटरवर, थांबत-चालत चालणाऱ्या युनिटला माझ्या मते तेल बरं.

चवथीला सगळे गावी जातात. मिठाच्या दिवसांत टाकी तापती ठेवायला दोघांना मागे राहावं लागे. गेल्या वर्षी आदल्या दुपारी गॅस तोडला, तेल थंड होईपर्यंत पंप फिरवला, कुलूप लावलं. सहाव्या दिवशी सकाळी नायट्रोजनवर बेड तापवायला घेतला, दुपारी जेवायच्या आधी गॅस आत होता.