प्रवाळाच्या टाकीवरचे मेटल हॅलाइड: तीन बल्ब आणि त्यांचा बॅलास्ट

न्यू जर्सीतील आमच्या तळघरात चार फूट लांब आणि दोन फूट खोल अशी खाऱ्या पाण्याची टाकी आहे. तिच्यातील प्रवाळांवर गेल्या काही वर्षांत मी २५० वॅटचे तीन मेटल हॅलाइड बल्ब, म्हणजे धातूंच्या क्षारांच्या वाफेतून वीज सोडून उजळणारे प्रखर दिवे, वापरून पाहिले. एलईडीमुळे हा दिवा आता मागे पडला असला, तरी एका ठिपक्यातून येणाऱ्या त्याच्या प्रकाशाने पाणी हलले की वाळूवर जी चंदेरी जाळी थरथरते, तिचा मोह ज्यांना सुटत नाही त्यांच्यासाठी हे परीक्षण आहे.

इवासाकी कंपनीचा ६५०० केल्विनचा (केल्विन हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप, आकडा जितका मोठा तितका प्रकाश निळा) बल्ब प्रकाशाच्या मात्रेत तिघांत सरस ठरला. त्याच्याखाली प्रवाळ झपाट्याने वाढले, पण टाकी दुपारच्या उन्हासारखी पिवळट दिसू लागली आणि तो रंग झाकण्यासाठी निळ्या नळ्यांची जोड द्यावी लागली. फिनिक्स कंपनीच्या १४,००० केल्विनच्या बल्बला अशी जोड लागत नाही. त्याचा निळसर पांढरा प्रकाश डोळ्यांना आणि वाढीला सारखाच मानवतो. मात्र दोन्ही टोकांनी बसणाऱ्या या बल्बला बाहेरचे काचेचे आवरण नसल्यामुळे अतिनील किरण अडवणारी काच दिव्याला असलीच पाहिजे. ती तडकली असेल तर दिवा लावूच नये. रेडियम नावाच्या कंपनीचा २०,००० केल्विनचा बल्ब मात्रेत सर्वांत कमी भरला, पण हिरव्या आणि गुलाबी प्रवाळांची झळाळी त्याच्याखालीच खरी खुलते.

खोक्यावरचा केल्विनचा आकडा पाहून बल्ब निवडणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. तो आकडा प्रकाश आपल्या डोळ्यांना कसा दिसेल एवढेच सुचवतो. प्रवाळाच्या पेशींत राहणाऱ्या शैवालाला ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातील किती प्रकाश मिळेल, हे त्यावरून कळत नाही. पेन स्टेट विद्यापीठाचे प्राध्यापक संजय जोशी यांनी अनेक बल्ब वेगवेगळ्या बॅलास्टवर, म्हणजे बल्ब पेटवून त्याची वीज आवरणाऱ्या उपकरणावर, लावून मोजले, आणि बॅलास्ट बदलला की त्याच बल्बची मात्राच नव्हे तर रंगही बदलतो, हे त्यांच्या मोजणीतून स्पष्ट दिसते.

मला हे उशिरा उमगले. एका दुकानदाराने रेडियमसाठी इलेक्ट्रॉनिक बॅलास्ट छातीठोकपणे गळ्यात मारला होता, आणि सहा महिने माझी टाकी पडदा वर जाण्यापूर्वीच्या नाट्यगृहासारखी अंधारी राहिली. अखेर एम-८० प्रकारचा चुंबकीय बॅलास्ट आणून उसन्या मापकाने वरच्या दगडावरील प्रकाश पुन्हा मोजला, तेव्हा आकडा चांगलाच चढला आणि निळ्यात पांढरेपणाही उतरला. हा बॅलास्ट २५० वॅटच्या बल्बला ३०० वॅटहून अधिक वीज खेचतो, त्यामुळे पाणी तापते आणि उन्हाळ्यात चिलरशिवाय, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राशिवाय, भागत नाही. तरीही आज माझ्या टाकीवर हीच जोडी आहे. चिलरचा खर्च झेपणार नसेल, तर मी फिनिक्स सुचवीन.

बल्ब बदलताना मात्र सबुरी हवी. जुना बल्ब हळूहळू मंदावतो आणि त्याचा रंग सरकतो, हे रोज पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. मग नवा बल्ब पूर्ण वेळ चालवला की प्रवाळ भाजतात. माझ्या एका ॲक्रोपोरा जातीच्या प्रवाळाची टोके अशीच चार दिवसांत खडूसारखी पांढरी पडली. आता मी नवा दिवा वीतभर वर टांगतो, पहिल्या आठवड्यात चारच तास लावतो आणि तीन आठवड्यांत पूर्ववत आणतो. वीज क्षणभर गेली तरी तापलेला बल्ब निवल्याशिवाय पुन्हा पेटत नाही, म्हणून घाईघाईने नवा विकत आणू नये. बल्बच्या काचेला बोट लागले असेल तर ती थंड असतानाच स्पिरिटने पुसावी. बसवल्याची तारीख मी बॅलास्टच्या पेटीवर मार्करने लिहून ठेवतो आणि वर्ष भरले की, उजेड कितीही चांगला वाटत असला तरी, बल्ब उतरवतो.