मोटार का जळाली, हे आधी शोधणारे दुकान

पुण्याच्या धायरी परिसरात बोअरवेलच्या मोटारी भरून (म्हणजे जळालेली तार काढून नवी घालून) देणारी दुकाने बरीच आहेत. त्यांपैकी एका लहानशा दुकानाकडून आम्ही आंबेगाव बुद्रुक येथील आमच्या घराच्या बोअरच्या मोटारीचे काम यंदाच्या उन्हाळ्यात करून घेतले. उन्हाळ्यात हातातली कामेच उरकत नाहीत, तेव्हा नाव कुठे लिहू नका, अशी मालकांची विनंती असल्याने दुकानाचे नाव देत नाही. मात्र त्यांच्या कामाची पद्धत लिहिण्यासारखी आहे, कारण मोटार भरून देण्यापूर्वी ती का जळाली हे शोधण्याचे कष्ट या व्यवसायात फार थोडे लोक घेतात.

याआधी आमची मोटार दुसऱ्या एका कारागिराने भरली होती. त्याने ती वर काढली, नवी तार भरली, पुन्हा खाली सोडली आणि पैसे घेतले. पुढच्याच उन्हाळ्यात ती परत जळाली. मोटार जळण्याचे कारण जसेच्या तसे बोअरमध्ये राहिले असेल, तर नवी तारही त्याच वाटेने जाणार हे उघड आहे, पण तसे त्या वेळी कोणी बोलून दाखवले नव्हते.

या दुकानाच्या फिटरने प्रथम पॅनल उघडले. सॉकेटवरील विजेचा दाब मोजला, कपॅसिटर काढून तपासले आणि केबलची टोके सोडवून मेगर, म्हणजे तारेवरचे इन्सुलेशन शाबूत आहे का हे दाखवणारे मीटर, लावला. रन कपॅसिटरवर 50 छापलेले होते, मीटरवर 31 आले. असा अशक्त कपॅसिटर मोटारीला नीट जोर देत नाही, मोटार गुणगुणत राहते, जास्त करंट ओढते आणि तापते. बदलायला तो अगदी किरकोळ खर्चाचा भाग आहे. मेगरचा काटा मात्र शून्यावर होता, म्हणजे वाइंडिंग (मोटारीतली तारेची गुंडाळी) किंवा केबल यांपैकी काहीतरी जमिनीला लागले होते आणि मोटार वर काढण्यावाचून गत्यंतर नव्हते.

तिपाई आणि चेन कप्पी लावून दहा-दहा फुटांचे पाइप सोडवत काम चालले, तेव्हा फिटर पाइपवरील पाण्याच्या खुणा खडूने टिपून ठेवत होता. मोटार बाहेर आल्यावर दोरीला वजन बांधून बोअरची खोली मोजली. बोअर मूळचे 280 फुटांचे. दोरी 271 फुटांवरच टेकली आणि आमची मोटार 270 फुटांवर लटकवलेली होती. सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडून चालणाऱ्या, संचात पंप वर आणि मोटार त्याच्या खाली असते. पंपाकडे ओढले जाणारे पाणी मोटारीच्या अंगावरून जाते आणि तेच तिला थंड ठेवते. आमच्या मोटारीचा खालचा भाग गाळात रुतलेला होता, त्यामुळे तिला थंडावा मिळत नव्हता आणि वर गाळमिश्रित पाणी पंपात जात होते.

दुकानात मोटार उघडली तेव्हा आम्हाला मुद्दाम बोलावून घेतले. ही पाण्याने भरलेल्या जातीची मोटार आहे. तिच्यातले पाणी काळे आणि जळक्या वासाचे निघाले. तळाच्या, उभा भार पेलणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगचा कार्बन एका बाजूने इतका झिजला होता, की त्याची धार नखाला लागत होती. पंपाच्या इंपेलरच्या (पाणी वर ढकलणाऱ्या चकत्यांच्या) कडा वाळूने घासून पातळ झाल्या होत्या. केबलचा जॉइंट सोडला, तर टेपच्या घड्यांत पाणी शिरून तांबे हिरवे पडलेले. एकाच मोटारीत चार दुखणी होती आणि त्यांतली तीन वाइंडिंगच्या बाहेरची होती.

मालकांनी यानंतर जे समजावून सांगितले, ते पुण्याच्या आसपास बोअर असलेल्या प्रत्येकाच्या उपयोगाचे आहे. आपल्याकडे जमिनीखाली बेसॉल्टचा कातळ आहे. पाणी सगळीकडे सारखे साठलेले नसून मुरमात, भेगांत आणि सच्छिद्र थरांत सापडते. बोअरच्या भिंतीला आधार देणारा केसिंग पाइप साधारणपणे वरचा मुरूम संपून कातळ लागेपर्यंतच घातलेला असतो आणि खाली भोक उघडेच असते. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा असतो. तो ओला झाला की सुटतो आणि तळाशी बसतो. केसिंग कातळात नीट टेकलेले नसेल, तर पावसाळ्यात गढूळ पाणीही त्याच वाटेने आत येते. एप्रिल-मेमध्ये पातळी उतरली की वरच्या भेगा कोरड्या पडतात आणि येणारे पाणी रोडावते. दीड एचपीचा पंप मात्र पावसाळ्याइतक्याच ओढीने उपसत राहतो, पाणी तुटते, पंप हवा मारू लागतो आणि पाण्यावरच वंगण व थंडावा अवलंबून असलेली बेअरिंग काही मिनिटांत कोरडी घासू लागतात. लोक अशा वेळी पाणी कमी येते म्हणून आणखी मोठी मोटार मागतात, हा उलटाच उपाय आहे. आम्हीही दोन एचपीची विचारणा करून पाहिली, तेव्हा मालक म्हणाले, ‘‘एकच्या वर मी सोडणार नाही. हवी असेल तर दुसरीकडून घ्या.’’ ग्राहकाला नको असलेले उत्तर तोंडावर देणारा दुकानदार आम्हाला तरी आवडला.

बोअर कॉम्प्रेसरने फ्लश करून गाळ काढण्याचे काम ते स्वतः करत नाहीत, ओळखीच्या गाडीवाल्याकडून करून देतात. त्यानंतर एक एचपीचा नवा पंपसंच बसवला. पंपसंचासाठी आयएस 8034 आणि मोटारीसाठी आयएस 9283 हे भारतीय मानक क्रमांक आहेत; प्लेटवर ते पाहूनच माल घ्या, असा त्यांचा आग्रह असतो. सोडण्यापूर्वी मोटारीत स्वच्छ पाणी भरून ती हलवून हलवून आतली हवा बाहेर काढली. केबलचा नवा जॉइंट बादलीभर पाण्यात बुडवून ठेवला आणि बुडालेल्या स्थितीतच मेगर लावला. एवढी साधी चाचणी पूर्वीच्या कारागिराने केली असती, तर निदान ते एक दुखणे टळले असते. नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बदलला, कारण तो गळका असेल तर मोटार बंद होताच पाइपातले पाणी खाली धावते, पंप उलटा फिरतो आणि त्याच क्षणी कोणी बटण दाबले तर शाफ्टवर झटका बसतो. मोटार तळापासून 25 फूट वर ठेवली आणि बोअरच्या तोंडाला झाकण बसवले.

पॅनलच्या कामाला सर्वांत जास्त वेळ लागला, आणि तो सत्कारणी लागला असे म्हणावे लागेल. पाणी तुटले की पंपावरचा भार उतरतो आणि अँपिअर कमी होतात. ड्राय रन प्रिव्हेंटर हेच ओळखून मोटार बंद करतो. फिटरने मोटार चालू ठेवून पाणी तुटेपर्यंत वाट पाहिली, त्या वेळचे अँपिअर टिपले आणि त्यानुसार सेटिंग लावले. कारखान्यातून आलेल्या सेटिंगवर पॅनल तसेच सोडून देणारे पुष्कळ आहेत आणि मग बिचाऱ्या प्रिव्हेंटरला दोष दिला जातो. उलट बाजूने, विजेचा दाब फार उतरला किंवा पंप जाम झाला तर अँपिअर वाढतात, त्यासाठी ओव्हरलोडचे सेटिंग वेगळे आहे. टायमर लावून उपसा थोडा थोडा, मध्ये बोअर भरण्यास अवधी देऊन केला आहे. वरच्या टाकीतला फ्लोट स्विच लाटेबरोबर चालू-बंद होत होता, तोही बांधून दिला, कारण वारंवार सुरू होणाऱ्या मोटारीच्या वाइंडिंगला दर वेळी सुरुवातीचा मोठा करंट सोसावा लागतो.

तक्रारीही आहेत. मे महिन्यात त्यांचा नंबर लागेपर्यंत टँकरवर काढावे लागते. तपासणीचा आकार वेगळा घेतात आणि दुरुस्ती त्यांच्याकडे केली तरी तो वजा होत नाही, हे आधी सांगितले जात नाही. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही. एकूण खर्च नुसती मोटार भरून देणाऱ्यांपेक्षा बराच अधिक येतो, आणि ज्यांच्या बोअरला बारमाही भरपूर पाणी आहे व मोटार पहिल्यांदाच बिघडली आहे, त्यांना एवढ्या सगळ्याची गरज पडेलच असे नाही. ज्यांची मोटार दर उन्हाळ्यात बसते, त्यांनी मात्र फेब्रुवारीतच, गर्दीच्या आधी, अशा दुकानाकडून पॅनल आणि मेगरची तपासणी करून घ्यावी, आणि चालू मोटारीचे अँपिअर पॅनलच्या दाराच्या आत लिहून ठेवायला सांगावे. आमच्याकडे ते लिहिले आहेत: पाणी असताना 7.8, तुटताना 5.1.