चांदीच्या धाग्यांची चादर: आठ महिन्यांनंतर

सकाळी उठल्याबरोबर सात-आठ शिंका ठरलेल्या, म्हणून मी चांदीचे धागे विणलेली चादर आणि अभ्रे घेतले. वेष्टनावर '99.9% जंतूनाशक' असं ठळक छापलेलं होतं. आठ महिने त्यावर झोपले, पण शिंका काही कमी झाल्या नाहीत.

चूक माझ्या समजुतीत होती. धुळीची ॲलर्जी बहुतेक वेळा गादी-उशीतल्या डस्ट माइट्सच्या (धुळीत राहणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांच्या) विष्ठेतल्या प्रथिनांमुळे होते, जिवाणूंमुळे नाही. चांदी त्या प्रथिनांना हात लावत नाही.

घामट वासाची गोष्ट मात्र वेगळी. घामाला वास येतो तो जिवाणूंमुळे, आणि तिथे फरक पडला. एक चांदीचा आणि एक साधा अभ्रा मी आलटून पालटून वापरला, पाचव्या दिवशी नवऱ्याला डोळे मिटून दोन्ही हुंगायला दिले. पहिले तीन महिने त्यांनी साधा अभ्रा दर वेळी अचूक ओळखला. सहाव्या महिन्यापासून ओळखता येईना.

ते 99.9% कुठून येतात हे नंतर वाचलं. कापड जिवाणूंना किती रोखतं हे मोजणाऱ्या आयएसओ 20743 या आंतरराष्ट्रीय चाचणीत कापडाच्या तुकड्यावर जिवाणू असलेला द्रव टाकून तो 37 अंशांवर 18 ते 24 तास ओलसर ठेवता येतो. ओल असली की चांदीचे आयन (विद्युतभारित कण) सुटतात आणि जिवाणूंना मारतात. माझं अंथरूण बहुतेक वेळ कोरडंच असतं! शिवाय धुण्यात चांदी निघून जाते. ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी 2008 मध्ये नॅनोचांदीचे (चांदीचे अतिसूक्ष्म कण असलेले) मोजे धुऊन पाहिले, तर काहींमधली जवळजवळ सगळी चांदी चार धुण्यांत गेली होती. ती सांडपाण्यातच जाते, याची मला खरंच काळजी वाटते. मोजे आणि विणलेले धागे एकसारखे नाहीत, पण विकत घेताना 'किती धुण्यांनंतरची चाचणी आहे?' हे जरूर विचारा. मी विचारलं नव्हतं.

आता गादी-उशांना घट्ट विणीची, चेन असलेली खोळ घातली आहे आणि साध्या सुती चादरी दर आठवड्याला 60 अंशांच्या पाण्यात धुते. त्या तापमानाला माइट्स मरतात आणि बरीचशी प्रथिनंही धुऊन जातात. दीड महिन्यात शिंका दोन-तीनवर आल्या. चांदीचे अभ्रे नवऱ्याच्या उशीला आहेत, त्यांना घाम फार येतो.