जुनी रॅले, सोनेरी रेघा आणि दोन कॉटर पिना: दिवाळी ते पावसाळा वापरानंतरचा अनुभव

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या जुन्या रॅले रोडस्टर सायकलींविषयी जे काही लिहिले जाते, त्यात बहुतेक वेळा रंग, सोनेरी रेघा, चेनव्हीलमधले (पुढच्या दातेरी चक्रात कोरलेले) बगळे आणि चामड्याची सीट यांचेच कौतुक असते. माझ्या या सायकलीला ते सर्व आहे. मागच्या चाकाच्या मधोमध असलेल्या हबवर ५१ हा आकडा ठोकलेला आहे, म्हणजे हब १९५१ सालचे आहे आणि बहुधा सायकलही. तरीही या लेखाचा बराचसा भाग मी करंगळीहून लहान अशा दोन कॉटर पिनांना, म्हणजे पायडलचा दांडा (क्रँक) मधल्या एक्सलवर घट्ट धरून ठेवणाऱ्या खिळ्यांना देणार आहे, कारण दिवाळीनंतर सायकल घरी आली तेव्हापासून माझा वेळ, पैसा आणि शांतता यांचा सर्वाधिक नाश त्यांनीच केला.

सायकल मी पुण्यातल्या एका दुकानातून, पूर्ण ‘रिस्टोअर’ केलेली म्हणून घेतली. रंगकाम खरोखर सुरेख होते आणि किमतीत त्याचा पुरेपूर हिशेब धरलेला होता. पहिले काही आठवडे सपाट रस्त्यावर काहीही जाणवले नाही. मग डाव्या पायाला प्रत्येक फेऱ्यात एक बारीकसा ‘खट’ जाणवू लागला. पायडल क्षणभर सुटते आणि लगेच पकडते, असा. दुकानदाराने पॅडल बदलून पाहा असे सांगितले, नंतर चेन सैल असेल असे सांगितले आणि तिसऱ्या वेळी जुन्या सायकली आवाज करतातच, असे सांगून विषय संपवला. पुढे एका रविवारी पौड रस्त्याने चांदणी चौकाकडे चढत असताना डावा क्रँक एक्सलवर चक्क डुलू लागला आणि मला वीस किलोच्या आसपासचे ते धूड ढकलत कोथरूडपर्यंत परत यावे लागले.

घरी पिना काढून पाहिल्यावर सगळा प्रकार उलगडला. कॉटर पिनेच्या एका अंगाला तिरकी सपाट बाजू असते आणि ती एक्सलवर घासून काढलेल्या सपाट खाचेवर पूर्ण टेकली पाहिजे. पिन पाचरीसारखी आत जाऊन बसते, म्हणून क्रँक हलत नाही. माझ्या डाव्या पिनेच्या सपाटीवर एक्सलच्या कडेने खोल चर पाडलेला होता, म्हणजे लोखंड मऊ होते आणि सपाटी पूर्ण टेकलेलीही नव्हती. त्यावर कडी म्हणजे पिनेच्या शेवटचे आटे गेलेले होते. नट आवळून पिन आत ओढायचा प्रयत्न केला की हे असेच होते. नटाचे काम फक्त बसलेली पिन मागे सरकू न देण्याचे आहे. पिन आत घालायची ती दाबून किंवा ठोकून, आणि ठोकायची असेल तर क्रँकखाली जाड नळीचा भक्कम आधार देऊनच. आधाराशिवाय हातोडी चालवली की तो मार थेट बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे एक्सल जिथे फिरतो तो फ्रेममधला भाग) छर्ऱ्यांवर आणि वाट्यांवर जातो. माझ्या उजव्या वाटीवर त्याचे बारीक खड्डे पडलेले दिसले. प्रत्येक बाजूला ११ असे पाव इंची छर्रे सुटे बसतात. ते सगळे मी बदलले, पण फ्रेममध्ये घट्ट बसलेली ती उजवी वाटी सध्या तशीच ठेवली आहे.

रंगावर आणि रेघांवर एवढा खर्च करणाऱ्या दुकानाने ज्या दोन तुकड्यांवर चालवणाऱ्याचे सगळे वजन येते ते भंगारातून उचलल्यासारखे वापरावेत, याचा राग मला अजूनही आवरत नाही. जुनी सायकल विकत घेताना रंग पाहू नका, चेनव्हील पाहू नका. मागचा ब्रेक घट्ट धरून दोन्ही क्रँक आडवे ठेवा, एकावर जोर द्या, मग क्रँक अर्धा फेरा फिरवून पुन्हा जोर द्या, आणि पिनेजवळ बोट ठेवून काही हलते का ते पाहा. एका क्रँकचा नट वरच्या दिशेला असेल तर दुसऱ्याचा खालच्या दिशेला असायला हवा, नाहीतर दोन्ही क्रँक एका रेषेत येत नाहीत. एवढी तपासणी दुकानाच्या दारात उभे राहूनही होते आणि तिला दमडीही लागत नाही.

काही मित्रांचा सल्ला होता की ही कटकट काढून टाकावी आणि आधुनिक बीबी बसवावी. माझ्याकडे एक ॲल्युमिनियमची हायब्रिडही आहे. तिचा पोकळ एक्सलचा क्रँक डाव्या बाजूच्या दोन ॲलन बोल्टवर, १२ ते १४ न्यूटन-मीटरला आवळला की झाले. तिथे ठोकणे नाही, कानस नाही आणि ‘खट’ही नाही. परंतु रॅलेच्या जुन्या फ्रेमच्या बीबीला इंचाला २६ आटे असतात, तर बाजारात सर्रास मिळणाऱ्या बीबीला २४. ती बसवायची तर फ्रेमवर काहीतरी उद्योग करावा लागतो. शिवाय बगळ्यांचे चेनव्हील क्रँकसकट उतरवून कपाटात ठेवायचे असेल, तर मग जुनी सायकल घेतलीच कशाला?

साडेनऊ मिलिमीटरच्या पिना पुण्यातल्या जवळपास कोणत्याही सायकलच्या दुकानात चहाच्या किमतीत मिळतात, कारण आपल्या काळ्या सायकलींनाही त्याच लागतात. मी आधी त्याच आणल्या आणि त्यातल्या दोन जोड्या उन्हाळ्यापर्यंत दबून गेल्या. चांगल्या पोलादाच्या पिना बाहेरून मागवाव्यात असे एका अनुभवी गृहस्थांनी सुचवले तेव्हा पिनेपेक्षा टपाल महाग हे पाहून मी ते उडवून लावले होते. शेवटी एप्रिलमध्ये मागवल्याच. नव्या पिनेवर कानस सहजासहजी चालेना, यावरूनच फरक कळला. दोन्हींची तिरकी बाजू सारख्याच कोनात येईपर्यंत एक पूर्ण संध्याकाळ गेली, पण व्हाइसमध्ये दाबून बसवल्या, थोड्या फेऱ्या मारल्या, पुन्हा दाबल्या, आणि त्यानंतर ‘खट’ ऐकू आलेला नाही.

मार्चमध्ये हे टिपण लिहायला घेतले तेव्हा त्यात ‘भिंतीला टेकवून ठेवायला उत्तम, रोजच्या वापरासाठी नाही’ असे एक वाक्य होते. ते आता खोडावे लागत आहे. क्रँक शांत झाल्यावर प्रथमच मागच्या तीन गिअरच्या हबकडे माझे नीट लक्ष गेले. स्टर्मी-आर्चरचे हे एडब्ल्यू हब १९३६ पासूनचे. पहिला गिअर चाकाचा वेग पाऊणपट करतो, दुसरा जसाच्या तसा ठेवतो आणि तिसरा एकतृतीयांशाने वाढवतो. ४८ दात्यांचे चेनव्हील आणि मागे १८ दाते या हिशेबाने पायडलच्या एका फेऱ्यात पहिल्या गिअरमध्ये सुमारे साडेचार मीटर आणि तिसऱ्यात जवळजवळ आठ मीटर अंतर जाते, आणि पुण्यातल्या बहुतेक रस्त्यांना एवढे पुरते. सिग्नलला उभ्या उभ्या गिअर बदलता येतो, ही सोय हायब्रिडमध्ये नाही. दुसऱ्या गिअरमध्ये असताना उजव्या नटाच्या खिडकीतून आतल्या दांडीची कड एक्सलच्या टोकाशी बरोबर आली पाहिजे, एवढे एकदा जुळवले आणि तेलाच्या भोकातून अधूनमधून चार थेंब सोडले, बाकी मी हात लावलेला नाही. सत्तर वर्षांपूर्वीचे यंत्र असे मुकाट्याने चालते आणि त्याच्या शेजारच्या दोन पिना मात्र माझे डोके खातात.

पावसाळ्याने मत पुन्हा थोडे फिरवले. दांड्याचे ब्रेक रिमच्या आतल्या बाजूवर दाबतात, आणि लोखंडी रिम ओली झाली की त्यांचा काहीच भरवसा राहत नाही. कोरड्या रस्त्यावर जिथे ब्रेक धरला असता, त्याच्या बरेच आधी तो धरावा लागतो. त्यामुळे जून ते सप्टेंबर हायब्रिड आणि उरलेले महिने रॅले, अशी वाटणी मी केली आहे. कर्वेनगरच्या विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयात एकदा फेरी मारून आल्यावर जुनी सायकल घेण्याची हुक्की अनेकांना येते आणि ती यायलाही हवी. मात्र पावसात कार्यालय गाठण्यासाठी ती घेत असाल तर थांबा.

दुकानदाराकडे मी पिना, छर्रे आणि टपाल यांचा खर्च मागितला. पुष्कळ वादावादीनंतर त्यांनी भरपाई म्हणून मऊ लोखंडाच्याच दोन नव्या पिना फुकट दिल्या. त्या मी ठेवून घेतल्या आहेत. कानशीने तिरका कोन काढण्याचा सराव करायला त्या चांगल्या आहेत.