वयोगट ४ ते ८ : लेकीसाठी पुस्तकं निवडण्याचा आठ महिन्यांचा अनुभव

फेब्रुवारी २०२४ मध्ये आमच्या अमळनेरला ९७वं मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. पुस्तकांच्या गाळ्यांवरून मी लेकीसाठी एकदम अकरा पुस्तकं घेतली. मागे ‘वयोगट ४ ते ८’ छापलेलं, चित्रं देखणी, एवढ्यावर माझं समाधान झालं. पुढे ती पहिलीत गेली, अक्षरं जुळवू लागली, तेव्हा त्यातलं एक तिच्या हातात दिलं. दुसऱ्याच ओळीत ‘आश्चर्य’ आलं. ती दोनदा अडखळली, पुस्तक मिटलं, आणि मग पंधरा दिवस पुस्तक काढलं की तिचं पोट दुखायचं. मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून आठ महिने मी प्रत्येक पुस्तक आधी स्वतः वाचून मगच तिला देते.

चार वर्षांचं मूल अक्षर ओळखत नाही आणि आठ वर्षांचं सलग परिच्छेद वाचतं. दोघांना एकच आकडा कसा पुरणार? विषय कोणाला आवडेल हे वयोगटावरून कळतं. वाचता येईल का, ते कळत नाही.

सुरुवातीला सगळ्यात उपयोग झाला प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळाचा. तिथे मराठी गोष्टी फुकट आहेत, उतरवून छापता येतात आणि त्यांच्या चार पातळ्या केलेल्या आहेत. पहिल्या पातळीत थोडे शब्द, तेच पुन्हा पुन्हा येणारे. पुढे वाक्यं आणि गोष्टी लांबत जातात. मी पहिल्या पातळीच्या गोष्टी झेरॉक्सवाल्याकडून छापून आणल्या आणि दोऱ्याने शिवल्या. एका बैठकीत गोष्ट संपते, हे तिला फार आवडलं.

पण मराठीत आणखी एक गोष्ट घरच्या माणसालाच बघावी लागते : जोडाक्षरं. वाक्य चारच शब्दांचं असलं तरी त्यात ‘स्वच्छ’ किंवा ‘सूर्यप्रकाश’ आला की पहिलीतलं मूल थांबतं. म्हणून मी पान उघडून जोडाक्षरं मोजते. मात्र सगळी सारखी जड नसतात. ‘गोष्ट’, ‘पुस्तक’ हे शब्द तिच्या कानावरचे आहेत, ते ती अंदाजाने उचलते. रफार मात्र दिवाळीपर्यंत जड गेला. अक्षराचं वळणही बघते. शाळेच्या पुस्तकात पाकळीचा ल, आणि काही पुस्तकांत उभ्या दांड्याचा. मोठ्यांच्या लक्षातही येत नाही, पण ती ‘हे काय?’ म्हणून अडते.

पाच बोटांचा नियम पुष्कळांना माहीत असेल : एक पान वाचायला द्यायचं, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं, पाचही मिटली तर पुस्तक अवघड. हा नियम भरल्या पानाला ठीक आहे. आमच्या पानावर वीस-पंचवीसच शब्द असतात, तिथे पाच अडले तर गोष्टच हरवते. मी दोन बोटांवर थांबते.

आणि मग आकलन. हे मला सगळ्यात उशिरा कळलं. एका गोष्टीत ‘बाबा माडावर चढले’ असं वाक्य होतं. तिने घडाघडा वाचलं, एकही अक्षर चुकलं नाही. मी विचारलं, “कुठे चढले?” म्हणाली, “माडीवर. वरच्या खोलीत.” तिने नारळाचं झाड फक्त चित्रात पाहिलंय, पडवी, होडी, खाडी, सगळंच परकं. पुढच्याच आठवड्यात केळीच्या बागेची एक साधी गोष्ट दिली, ती तिने दोनदा वाचली आणि घड कापतानाचं सगळं मलाच समजावून सांगितलं, कारण मामांकडे रावेरला ते तिने बघितलेलं. वाचनाची पातळी तीच, पण समजण्यात जमीन-अस्मानाचा फरक. परकं जग दाखवायचंच आहे, पण अशी पुस्तकं मी आधी वाचून दाखवते, चित्रावर बोट ठेवून बोलते, मग तिच्या हातात देते.

समजलं की नाही, हे तपासायला मी प्रश्न विचारायची, तर ती परीक्षेला बसल्यासारखी गप्प व्हायची. आता वाचून झालं की ती सासूबाईंना गोष्ट सांगते. त्या घरात अहिराणीच बोलतात, त्यामुळे पुस्तकातली वाक्यं पाठ म्हणून चालत नाही. “मंग काय व्हयनं?” असं त्या विचारत राहतात आणि ती आपल्या शब्दांत सांगत जाते. जिथे समजलेलं नसतं तिथे सांगणं तुटतं. माझ्या कोणत्याही प्रश्नापेक्षा ही रीत खरी निघाली.

आता घरात दोन टोपल्या आहेत. एकीत तिने स्वतः वाचायची पुस्तकं, दुसरीत मी वाचून दाखवायची. संमेलनातली अकरापैकी नऊ दुसऱ्या टोपलीत गेली आणि तिथे ती छान चालतात. कानाने तिला खूप पुढचं समजतं. रात्री तिथलंच एखादं निघतं. सोप्या टोपलीतलं जुनं पुस्तक ती दहाव्यांदा मागते, तेव्हाही मी नाही म्हणत नाही, कारण दहाव्या वेळी ती न अडता, आवाज बदलून वाचते.

दुसरी पातळी डिसेंबरात सुरू केली. त्यातल्या चार गोष्टी जमल्या, दोन परत ठेवल्या. ‘आश्चर्य’वालं पुस्तक अजून वरच्या फळीवर आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत काढीन.