आठ महिने केबल लोकेटर वापरल्यावर

नाशिकच्या आसपास नळजोडणीची, ड्रेनेजची छोटी कामं घेतो. आठ महिन्यांपूर्वी केबल लोकेटर (जमिनीखालच्या केबल-पाइप शोधायचं यंत्र) घेतला, तोही सेकंडहँड. हातात धरायची कांडी आणि ट्रान्समीटरचा डबा, एवढंच. जेसीबीवाला पहिल्या दिवशी म्हणाला, "शेठ, खेळणं आणलं का?"

पॉवर मोडवर कांडीला फक्त चालू करंट कळतो, आपला 50 हर्ट्झवाला. दुकानांच्या रांगेसमोर काम सोपं: बीप चढतो, उतरतो, मधल्या रेषेवर फक्की मारायची. पण एका दुपारी दोन दिव्यांच्या खांबांमध्ये कांडी एकदम गप्प. दोनदा फिरवली, मग चर सुरू केला. दीड फुटावर लाल विटांची ओळ लागली, खाली वाळू, म्हणजे केबल असल्याची खूण. जेसीबीवाल्यानेच बकेट वर घेतलं. हाताने उकरलं तर आर्मर्ड (धातूचं कवच असलेली) केबल! स्ट्रीटलाइटची लाइन तिथे दिवसा बंद असते, मग यंत्र बोलणार कशावर? संध्याकाळी दिवे लागल्यावर त्याच जागी कोकलत होतं.

म्हणून आता ट्रान्समीटर आधी, तो स्वतःचा सिग्नल लाइनमध्ये सोडतो आणि कांडी तो पकडते. लोखंडी पाइपच्या व्हॉल्व्हला लाल चिमटा, काळा अर्थिंगच्या सळईला, 33 किलोहर्ट्झ. उन्हाळ्यात माती भेगाळली की सळईपाशी तांब्याभर पाणी ओतावं लागतं, नाहीतर सिग्नलच जात नाही. वीज केबलला चिमटा लावायचा नाही, बाहेरून क्लॅम्प (केबलभोवती बसणारी कडी) घालायचा. एक खोड आहे: शेजारी दुसरी लाइन असेल तर सिग्नल तिच्यावरही उडी मारतो आणि खोली चुकीची दिसते. वळणावर, टी-जॉइंटवर तर तो आकडा मी वाचतच नाही.

गॅसचा पिवळा प्लास्टिक पाइप, पीव्हीसी, नुसत्या डक्टमधली बिनधातूची फायबर यातलं काहीही याला दिसत नाही, पाइपासोबत ट्रेसर वायर (शोधता यावं म्हणून टाकलेली धातूची तार) असेल तरच. घेताना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यासाठी 'कॉल बिफोर यू डिग' या खोदण्याआधी कळवायच्या सरकारी अ‍ॅपवर नोंद करतो (मार्च 2023 मध्ये आलं ते) आणि तरीही आडवा चाचणी खड्डा हाताने मारतो. पहार नाही, फावडं.

यंत्र पैसे वसूल आहे. बीप आला तर खाली बहुतेक वेळा काहीतरी असतं. आला नाही, तर मजूर दोन तास जास्त लागतात, आणि ते मी आता कोटेशनमध्येच धरतो.