इटली की जपान? सोलापुरातून महिला व्हॉलीबॉल लीग बघताना

आधी वेळेचं बघू. जपानच्या एसव्ही लीगचा, म्हणजे तिथल्या सर्वोच्च लीगचा, दुपारी दोनचा सामना आपल्याकडे सकाळी साडेदहाला लागतो. रविवारी कडक भाकरी, शेंगा चटणी घेऊन सगळं घर बघतं. इटलीचा रात्री साडेआठचा सामना मात्र हिवाळ्यात आपल्या मध्यरात्री एकला! सोमवारी कामावर जायचं असेल तर अवघडच.

तरीही माझा जीव इटलीतच अडकलाय. तिथल्या कोनेल्यानो क्लबने २०१९ ते २०२१ दरम्यान सलग ७६ सामने जिंकले. त्यांची लिबेरो, म्हणजे फक्त बचाव करणारी खेळाडू, मोनिका दे जेन्नारो बघाच: समोरची स्पाइक (जोरदार फटका) मारायला उडते तेव्हा ही गुडघे वाकवून थांबलेली असते, आणि तोफेसारखा आलेला चेंडू अलगद सेटरच्या, म्हणजे फटक्यासाठी चेंडू उचलून देणारीच्या, डोक्यावर जातो. शिवाय इसाबेल हाक, पाओला एगोनू या आक्रमक खेळाडूंचे फटके!

जपानमध्ये ताकद कमी, पण बचाव चिवट. रॅली संपता संपत नाही. खेळायला शिकणाऱ्या आपल्या मुलींना मी जपानच दाखवेन, उंची कमी म्हणून खचणाऱ्यांना तर नक्कीच.

इटलीसाठी एक सोय आहे. मार्चअखेरीस तिथली घड्याळं तासभर पुढे जातात, तेव्हा रात्रीचे प्लेऑफ बाराला सुरू होतात. तेवढं जागरण मी आनंदाने करते.